कोणते विमान श्रेष्ठ?



मीरा रोडच्या सिल्व्हर पार्क भागात आम्ही राहतो. संध्याकाळी मी महाविद्यालयातून घरी परततो तेव्हा आमच्या इमारतीच्या जिन्यात मुलांची सभा भरलेली असते. क्रिकेट संपले की विषय निघतो विमानांचा. कोणी म्हणतो रफाल भारी, कोणी म्हणतो सुखोई. मिग-२१चे नाव निघाले की एकजण हमखास म्हणतो, "ती तर उडती शवपेटी!" परवा त्यांनी मलाच गाठले. "काका, तुम्ही फिजिक्स शिकवता ना? मग सांगा, सगळ्यांत श्रेष्ठ विमान कोणते?"

मी उलट विचारले, "सगळ्यांत श्रेष्ठ वाहन कोणते?" कोणी परदेशी मोटारींची नावे घेतली, कोणी वंदे भारत म्हणाले. मी म्हटले, "आता पावसात सिल्व्हर पार्कहून मीरा रोड स्टेशन गाठायचे आहे. काय कराल?" सगळे एकदम म्हणाले, "रिक्षा!" आणि त्याच रिक्षाने नाशिकला जायचे असेल तर? सगळे हसले.

त्यांनी हसण्यावारी नेले. तुम्ही मात्र क्षणभर थांबा. रिक्षा चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. विमानांचेही तसेच आहे. विमान हे एका प्रश्नाचे उत्तर असते. तो प्रश्न कोणी विचारला होता, हे समजून न घेता विमानाला शाबासकी देणे किंवा शिव्या देणे, दोन्ही अशास्त्रीय. माझे म्हणणे याहून थोडे पुढचे आहे. आपण भारतीयांनी पुष्कळ वर्षे दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरे विकत घेतली, ती कौशल्याने बनवलीही. पण आपला प्रश्न आपण विचारायचा असतो, हे शिकायला फार वेळ लावला. ही गोष्ट सांगायला रशियन विमानांसारखे दुसरे उदाहरण नाही, आणि त्या गोष्टीतील मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात, नाशिकजवळच्या ओझरला घडला आहे.

मॉस्कोचा प्रश्न

१९५० नंतरच्या काळात सोव्हिएत संघाच्या सेनानींना एक भीती होती. अमेरिकेची बी-४७ आणि बी-५२ ही बॉम्बफेकी विमाने अणुबॉम्ब घेऊन फार उंचावरून येतील. त्यांना अडवायचे कसे? देश अवाढव्य, सीमा हजारो किलोमीटर लांब. तेव्हा विमाने हवीत ती हजारोंनी. ती स्वस्त हवीत, बनवायला सोपी हवीत. शत्रू कोठे आहे हे जमिनीवरचे रडार सांगेल. विमानाने फक्त बाणासारखे वर जावे, हल्ला करावा आणि परत यावे. फार दूर जाण्याची गरज नाही, फार वेळ आकाशात राहण्याचीही नाही.

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मिग-२१. मिकोयान यांच्या संस्थेने १९५५ साली दोन नमुने उडवून पाहिले. ये-२ या नमुन्याला मागे वळलेले पंख होते, ये-४ या नमुन्याला त्रिकोणी. कागदावर वाद घालत बसण्यापेक्षा दोन्ही बनवून हवेत पाठवले आणि मग निवड केली. ही पद्धत तुम्ही ध्यानात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

निवड झाली त्रिकोणी पंखाची. ध्वनीपेक्षा जास्त वेगाने जायचे तर पंख पातळ हवा, म्हणजे हवेचा रोध कमी. पण नेहमीच्या आकाराचा पंख पातळ केला की तो लवचीक होतो. त्रिकोणी पंख विमानाच्या अंगाशी खूप रुंद असतो. त्यामुळे तो रुंदीच्या मानाने पातळ राहूनही मजबूत होतो आणि थोडे इंधनही पोटात ठेवतो. मिग-२१ ध्वनीच्या दुप्पट वेगाने, म्हणजे मॅक २ने जाऊ शकले ते या पंखामुळे आणि त्याच्या सडपातळ इंजिनामुळे.

पातळ पंखाची किंमत

परंतु भौतिकीच्या दुकानात काहीही फुकट मिळत नाही. पंखावर मिळणारा उचलणारा जोर, म्हणजे उत्थापन, हा पंखाचे क्षेत्रफळ, हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात असतो. आता हिशेब करा. मिग-२१च्या पंखांचे क्षेत्रफळ २३ चौरस मीटर. उतरताना त्याचे वजन साडेसहा हजार किलोग्रॅम धरा. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २८० किलोग्रॅमचा भार, सिमेंटच्या साडेपाच गोण्यांहून अधिक! उड्डाण शिकवणाऱ्या संस्थांत वापरतात त्या सेस्ना-१७२ या लहान विमानावर हाच भार ७० किलोग्रॅमच्या आत असतो. भार चौपट असेल तर वेग दुप्पट लागेल, कारण वेगाचा वर्ग. शिवाय पातळ त्रिकोणी पंख कमी वेगात चांगली उचल देत नाही, म्हणून वेग आणखी वाढवावा लागतो. परिणाम असा की सेस्ना जिथे ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने टेकते, तिथे मिग-२१ला ताशी ३०० किलोमीटरांच्या आसपास वेगाने उतरावे लागे. म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. तुम्ही "अरे!" म्हणेपर्यंत क्रिकेटचे मैदान मागे पडते.

आणखी एक गोष्ट पाहा. या विमानाचे तोंड म्हणजेच इंजिनाकडे हवा नेणारे भोक. त्या भोकाच्या मध्यावर एक शंकू, आणि रडार बसवायचे ते त्या शंकूत. शंकू लहान, म्हणून रडारची तबकडी लहान. तबकडी लहान, म्हणून दूरचे दिसणार नाही. सोव्हिएत सेनानींना त्याचे दुःख नव्हते; दूरचे पाहायला त्यांचे जमिनीवरचे रडार होते. इंधन थोडे, रडार लहान, उतरण्याचा वेग भयंकर. या उणिवा चुकून राहिलेल्या नव्हत्या. वेग आणि उंची हवी म्हणून मोजून दिलेली ती किंमत होती.

पोलादाचे विमान

निवड म्हणजे काय, हे मिग-२५च्या गोष्टीतून अधिक स्पष्ट होईल. अमेरिका बी-७० नावाचे मॅक ३ वेगाचे बॉम्बफेकी विमान बनवू लागली, तेव्हा त्याला गाठणारे विमान हवे असा प्रश्न निघाला. आता तुमच्यासाठी एक सोपे सूत्र देतो. विमानाच्या नाकापाशी हवा अडते आणि तापते. किती? मॅक अंकाचा वर्ग करा, त्याला ५ने भागा, त्यात १ मिळवा, आणि बाहेरच्या हवेच्या निरपेक्ष तापमानाने गुणा. अकरा किलोमीटरांच्या वर ते तापमान सुमारे २१७ केल्व्हिन, म्हणजे शून्याखाली ५६ अंश असते.

मॅक २साठी उत्तर येते ३९१ केल्व्हिन, म्हणजे ११८ अंश सेल्सिअस. ॲल्युमिनियमचे मिश्रधातू हे सोसतात. मॅक २.८साठी येते ५५७ केल्व्हिन, म्हणजे २८४ अंश! तिथे ॲल्युमिनियम दुबळे पडते. उरले टायटॅनियम आणि पोलाद. टायटॅनियम हलके, पण महाग आणि घडवायला कठीण. सोव्हिएत अभियंत्यांनी निकेलयुक्त पोलाद निवडले. जड खरे, पण त्यांच्या कारखान्यांना जोडता येण्यासारखे. बहुतेक विमान पोलादाचे झाले.

१९७६च्या सप्टेंबरमध्ये व्हिक्टर बेलेन्को हा वैमानिक असे एक विमान घेऊन जपानमध्ये हाकोदाते येथे उतरला. पाश्चात्त्य तज्ज्ञांनी ते उघडून पाहिले. आत पोलाद निघाले, आणि ट्रान्झिस्टरच्या जमान्यात निर्वात नलिका निघाल्या. काहीजण हसले. पण हसणाऱ्यांनी असा विचार करायला हवा होता की, आहे त्या साधनांत आणि हाती असलेल्या वेळात ज्यांनी जवळजवळ मॅक ३चे विमान उडवले, त्यांना कच्चे म्हणावे की पक्के?

गंमत अशी की ज्या बी-७०साठी हा सारा खटाटोप झाला, त्याचे उत्पादन अमेरिकेने आधीच रद्द केले होते. नमुने दोनच बनले. प्रश्न नाहीसा झाला, उत्तर मात्र उरले. भारताने १९८१ साली या विमानाची छायाचित्रे घेणारी आवृत्ती घेतली आणि बरेलीहून २००६पर्यंत वापरली. फार उंचावरून, फार वेगाने टेहळणी करणे हा आपला प्रश्न होता आणि त्यांचे उत्तर त्याला नेमके बसले.

ओझरला काय झाले

आता आपल्याकडे या. १९६२ साली भारताने मिग-२१ निवडले. पाकिस्तानला अमेरिकेचे एफ-१०४ मिळालेले होते. पाश्चात्त्य देश विमान देण्यातच हात आखडता घेत होते, तंत्र देण्याचे तर नावच नको. सोव्हिएत संघाने विमान दिले, ते भारतात बनवण्याचा परवानाही दिला, आणि पैसे रुपयांत घेण्याचे मान्य केले. परकीय चलनाची टंचाई असलेल्या देशाला याहून चांगला सौदा मिळाला नसता. निवड विमानाची होती, तितकीच परिस्थितीचीही होती.

मुंबई-आग्रा रस्त्यावर नाशिकच्या पुढे ओझर लागते. तिथे १९६४च्या सुमारास विमानाच्या सांगाड्याचा कारखाना उभा राहू लागला. इंजिने ओडिशातील कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि नाशिकमधूनच लोकसभेवर निवडून गेले होते. आधी रशियातून आलेले सुटे भाग जोडायचे, मग मोठे भाग येथे बनवायचे, मग कच्च्या मालापासून सुरुवात करायची, अशा पायऱ्यांनी काम वाढले. मिग-२१ची सुमारे साडेसहाशे विमाने ओझरला तयार झाली. द्राक्षे आणि कांद्याच्या मुलखात फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या पिढ्या घडल्या. ही सामान्य कामगिरी नव्हे.

पण प्रश्न मॉस्कोचा होता, हे लवकरच जाणवू लागले. आपल्याला मिळालेल्या मिग-२१एफएल या आवृत्तीत तोफच नव्हती. क्षेपणास्त्रे आहेत, मग तोफ कशाला, असा सोव्हिएत विचार. १९६५च्या युद्धानंतर आपल्या हवाई दलाने आग्रह धरला, आणि विमानाच्या पोटाखाली तोफेची पेटी बसवण्यात आली. १२ डिसेंबर १९७१ रोजी भारत भूषण सोनी यांनी कच्छच्या आखातावर एफ-१०४ पाडले ते त्या तोफेनेच. दोनच दिवसांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१नी अग्निबाण सोडले. उंचावरच्या बॉम्बफेक्यांना अडवण्यासाठी जन्मलेले विमान आपण खाली आणून इमारतीवर हल्ल्यासाठी वापरले! वैमानिकांचे कसब थोर. पण रिक्षाने नाशिकला जाण्याचाच तो प्रकार होता.

शवपेटी म्हणण्यापूर्वी

आता जिन्यातल्या त्या मुलाचे बोलणे. १९७१-७२पासून एप्रिल २०१२पर्यंत मिग जातीच्या सर्व विमानांना मिळून ४८२ अपघात झाले आणि १७१ वैमानिक गेले, असे तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले होते. हा आकडा वाचताना हात थरथरतो. त्यातील कितीतरी जण तुमच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनीच मोठे असतील.

पण सगळा दोष विमानाला देऊन आपण मोकळे होतो, हे मला मान्य नाही. अपघातांची कारणे अनेक असतात: इंजिनातील बिघाड, पक्षी, मानवी चुका, म्हातारे झालेले विमान. त्यांत एक कारण निव्वळ आपले होते. ताशी ३०० किलोमीटरांनी उतरणारे विमान हाती देण्यापूर्वी वैमानिकाला मधल्या पायरीचे जलद शिकाऊ विमान द्यायला हवे, असे १९८२ साली अपघातांचा विचार करणाऱ्या समितीने सांगितले होते. ते विमान, ब्रिटिश हॉक, हवाई दलात आले २००८ साली. मध्ये २६ वर्षे गेली. वेगाच्या वर्गाचे गणित १९८२ सालीही तेच होते आणि २००८ सालीही तेच. ते गणित कोणाला येत नव्हते असे नाही. उत्तर काढून कागद बाजूला ठेवला गेला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ने निरोप घेतला. सहा दशके त्याने आपले काम केले. आपण आपले केले का, हा प्रश्न तुम्ही विचारा.

उतरवून काढणे आणि शिकणे

"म्हणजे परवाना घेऊन विमाने बनवणे चूक होते का?" असे तुम्ही विचाराल. मुळीच नाही. रशियनांनी स्वतः तेच केले होते! दुसरे महायुद्ध संपले तेव्हा त्यांच्याकडे चांगले जेट इंजिन नव्हते. १९४६-४७मध्ये त्यांनी ब्रिटनकडून रोल्स-रॉइसची नीन इंजिने विकत घेतली, उघडली, मोजली, आणि हुबेहूब नक्कल केली. मिग-१५ उडाले ते त्या जोरावर. पण नक्कल करून ते थांबले नाहीत. दहाच वर्षांत मिग-२१साठी आर-११ हे सर्वस्वी वेगळ्या रचनेचे, त्यांचे स्वतःचे इंजिन तयार झाले. झुकोव्हस्की यांनी १९१८मध्ये स्थापलेली वायुगतिकीची संशोधनसंस्था आणि इंजिनांच्या स्वतंत्र संस्था पाठीशी होत्या. दोन पंख बनवून दोन्ही उडवून पाहण्याची तयारी होती. त्यासाठी सोव्हिएत जनतेने घरगुती वस्तूंच्या रांगांत उभे राहून मोठी किंमत मोजली, हेही विसरू नका.

आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी काही विद्यार्थी मागच्या वर्षीच्या जर्नलमधील आकडे उतरवून काढतात. लंबकाचा आवर्तकाल अचूक, आलेख सुरेख, उत्तर बरोबर. मी फक्त विचारतो, "दोरी थोडी आखूड केली असती तर?" समोर शांतता. ज्याने स्वतः लंबक हलवला आणि चुकीचे उत्तर काढले, तो मात्र पटकन सांगतो. परवान्याच्या आराखड्यात प्रत्येक माप लिहिलेले असते. ते माप का, हे लिहिलेले नसते. ते फक्त चुकलेल्यालाच ठाऊक असते.

आपण चुकायला तयार होतो, तो प्रसंगही आठवा. बंगळूरला कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली मारुत हे विमान बनले आणि १७ जून १९६१ रोजी उडाले. प्रश्न आपला, आराखडा आपल्या भूमीवरचा. पण त्याला जोगे इंजिन मिळाले नाही, आणि सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडण्याचे स्वप्न राहून गेले. १४७ विमाने बनली, १९७१ साली राजस्थानच्या आघाडीवर लढलीही. त्याच वेळी तयार मिग हाताशी असल्यामुळे मारुतच्या इंजिनाची निकड आपल्याला पुरेशी वाटली नाही, असे माझे मत आहे.

पुढे आपण थोडे शहाणे झालो. १९९६ साली सुखोई विमानांचा करार केला तेव्हा रशियाकडे असलेले विमान जसेच्या तसे न घेता, आम्हांला असे हवे, असे सांगितले. सुखोईचा मूळ सांगाडा लांब पल्ल्याचा, पोटात भरपूर इंधन. त्यावर पुढचे छोटे पंख, दिशा बदलणारी इंजिनाची नळकांडी, वेगळे रडार, फ्रान्स आणि इस्राएलची उपकरणे, आपल्या शास्त्रज्ञांनी बनवलेला संगणक. हे सुखोई-३० एमकेआय २००२ साली पुण्याच्या लोहगाव तळावर हवाई दलात दाखल झाले, आणि २००४पासून ओझरला बनू लागले. यातील सर्वांत महत्त्वाची बाब पुढे घडली. याच विमानावरून रशियाने सुखोई-३० एसएम ही आवृत्ती बनवली आणि आपल्या हवाई दलासाठी घेतली. आपण नीट विचारलेला प्रश्न त्यांनाही उपयोगी पडला!

आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून एक वेगळे विमान उडाले: तेजस एमके-१ए, आपल्याच आराखड्याचे. टाळ्या जरूर वाजवा. पण त्याच्या पोटात अमेरिकेचे एफ-४०४ इंजिन आहे, आणि ती इंजिने वेळेवर न आल्यामुळे तेजसचे काम अडले होते, हेही वहीत लिहून ठेवा. मारुतचा धडा अजून पुरा झालेला नाही.

लढाऊ विमान हे अखेर माणसे मारण्याचे साधन आहे. त्याचे कौतुक करताना मीही अडखळतो. पण प्रश्न आपला असावा, हा नियम पुलाला, पंपाला, क्षयाच्या औषधालाही लागू आहे.

तेव्हा पुढच्या वेळी जिन्यात वाद रंगला की तीन प्रश्न विचारा. हे कोणी मागितले होते? कशासाठी मागितले होते? आणि ते मिळवताना काय सोडून दिले? उत्तरे मिळाली की वाद मिटेल आणि अभ्यास सुरू होईल. आणि उद्या शाळेत लंबकाचा प्रयोग असेल तर आकडे स्वतः घ्या. चुकले तरी चालतील.